‘नेतृत्वाची पदवी म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

संघटना विकास (म्हणजे संस्थेत बदल कसा घडवायचा याचा अभ्यास) आणि नेतृत्व या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे निव्वळ फसवणूक, असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ‘अनुभवाचे बोल’ म्हणून पाच मुद्दे दिलेत. नेते जन्मावे लागतात, घडवता येत नाहीत. संस्थांमधल्या बदलाचे सत्तर टक्के प्रयत्न फसतात, म्हणजे हे शास्त्रच खोटं. कर्मचारी स्वभावानंच बदलाच्या विरोधात असतात, त्यांना विचारत बसू नये, खमका साहेब पुरतो. माणूस सत्तर टक्के कामातून शिकतो, वर्गातून जेमतेम दहा टक्के. आणि शेवटी, या पदवीला नोकऱ्या नाहीत.

माझ्या भाचीनं काही वर्षं नोकरी करून, नीट विचार करून या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला होता. मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि तिच्या वडिलांनी अर्ज मागे घ्यायला सांगितलं. ज्यानं तो लिहिला त्याला ती कोण हे माहीतही नाही. मी हाच अभ्यासक्रम नोकरी सांभाळून केलाय आणि याच क्षेत्रात काम करते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी बाजू कुठली याबद्दल शंका नको.

नेते जन्मावे लागतात, हे पहिलं. यावर जुळ्या भावांचा अभ्यास झालेला आहे. रिचर्ड आर्वी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एकसारख्या (आनुवंशिक ठेवण तीच असलेल्या) आणि एकसारख्या नसलेल्या जुळ्यांची तुलना केली. कोण नेतृत्वाच्या पदावर पोचतं यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण ३० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. बाकीचा परिस्थितीचा, संधीचा, अनुभवाचा. शिवाय मोजलं होतं ते पदावर पोचणं. पदावर बसल्यावर काम कसं केलं, हा प्रश्न त्या अभ्यासात नव्हताच. त्याच्याही कितीतरी आधी, १९४८ मध्ये, राल्फ स्टॉगडिल यांनी तोवरचं सगळं संशोधन चाळून सांगितलं होतं की अमुक गुण अंगात आहेत एवढ्यानं कुणी नेता होत नाही. परिस्थिती बदलली की कोण उपयोगी पडतो तेही बदलतं. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवायची गरज मला वाटत नाही.

सत्तर टक्क्यांच्या आकड्याचा उगम मात्र सांगायलाच हवा, कारण तो आता मोठमोठ्या भाषणांतही ऐकू येतो. मायकल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ मध्ये ‘रीइंजिनिअरिंग’ म्हणजे कामाची रचना मुळापासून नव्यानं मांडायच्या एका विशिष्ट पद्धतीबद्दल लिहिताना म्हटलं होतं की ती वापरणाऱ्या ५० ते ७० टक्के संस्थांना अपेक्षित असलेला मोठा परिणाम मिळत नाही. हा आपला अशास्त्रीय अंदाज आहे, असं त्यांनी तिथंच लिहून ठेवलं होतं. पुढे ५० गळून पडलं, ‘अंदाज’ हा शब्द गळून पडला आणि एका पद्धतीच्या जागी जगातले सगळे बदल आले. मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये हा आकडा देणारे पाच ठळक संदर्भ तपासले, आणि एकाहीमागे ठोस पुरावा सापडला नाही. असा आकडा समोर आला की तो कुठून आला, कुणी मोजला, कशाला ‘फसणं’ म्हटलं, हे विचारायची सवय मला याच अभ्यासक्रमानं लावली.

आता तिसरा मुद्दा. बाकीचे चार चुकीचे असले तरी त्यांनी फार तर एखाद्याचा प्रवेश हुकेल. या तिसऱ्यानं दररोज कामावर जाणाऱ्या माणसांचं नुकसान होतं. ‘लोक स्वभावानंच बदलाला विरोध करतात’ हे एकदा मान्य केलं, की साहेबाला स्वतःकडे बघायचं कारणच उरत नाही. योजना कच्ची असो, मोबदल्याचा दर अन्यायाचा असो, कुणाला नीट सांगितलेलं नसो, सगळ्याचा दोष खालच्या माणसाच्या स्वभावावर ढकलता येतो.

१९४८ मध्ये लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी नेमकी हीच गोष्ट तपासून छापली. जागा होती अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मेरियन गावची, हारवूड कंपनीची पायजमे शिवणारी फॅक्टरी. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा तिच्याशी १९३९ पासून संबंध होता. कामगारांमध्ये बायका जास्त, पैसे नगावर. कामाची पद्धत बदलली की वेग पडायचा, तक्रारी वाढायच्या, कुणी कुणी नोकरी सोडून जायचं.

बदल केवढा होता ते बघा. इस्त्री करणारा गट तयार माल पुठ्ठ्यावर अर्ध्या अर्ध्या डझनाच्या चळतीत रचायचा. आता तीच चळत खोक्यात रचायची. एवढंच. या गटाला एकत्र बोलावून सांगण्यात आलं की स्पर्धा वाढली आहे, पद्धत बदलते आहे, नवा दर असा आहे. प्रश्नांना उत्तरंही दिली. कुणी दमदाटी केली नव्हती, हे मुद्दाम सांगते. आजही बहुतेक ठिकाणी बदल असाच ‘कळवला’ जातो. उत्पादन घसरलं ते फारसं सावरलंच नाही. पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. नव्या दराविरुद्ध तक्रारी झाल्या, आणि दर तपासला तर तो उलट कामगारांच्या बाजूनं थोडा सैलच निघाला. म्हणजे राग पैशांचा नव्हता.

दुसऱ्या गटांशी वेगळं वागले. त्यांच्यासमोर एकसारखे दिसणारे दोन कपडे ठेवले, एक १९४६ मधला, एक १९४७ मधला, पहिल्याची विक्रीची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. स्वस्त कुठला ते ओळखा म्हटलं, कुणालाच ओळखता येईना. खर्च का कमी करायला हवा हे तिथं सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. मग एका गटानं आपले प्रतिनिधी निवडले. उरलेल्या दोन छोट्या गटांत प्रत्येकजण नवी पद्धत ठरवण्यात सहभागी झाला, आणि तिथं सूचना इतक्या भराभर आल्या की टिपून घेणाऱ्या स्टेनोची तारांबळ उडाली, असं निबंधात नोंदवलंय. या गटांतून त्या ४० दिवसांत एकही माणूस सोडून गेला नाही. जिथं सगळ्यांनी मिळून ठरवलं ते दोन गट झपाट्यानं जुन्या वेगावर आले आणि पुढे सुमारे १४ टक्के वर गेले.

यावर कुणी म्हणेल, त्या पहिल्या गटातली माणसंच हेकट असतील. म्हणूनच निबंधाचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. साधारण अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातल्या उरलेल्या १३ जणांना पुन्हा एकत्र आणलं, दुसऱ्या नव्या कामावर घातलं, आणि या वेळी त्यांना ठरवण्यात सामील करून घेतलं. त्यांचा वेग लवकरच पूर्वपदावर आला आणि वर गेला. भांडण नाही, सोडून जाणं नाही. माणसं तीच, फॅक्टरी तीच. मग ‘स्वभाव’ कुठं गेला?

हे गट लहान होते आणि प्रत्येकाचं काम थोडं वेगळं होतं, हे खरं आहे. फ्रेंच यांनीच इतरांबरोबर नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग करून १९६० मध्ये छापला, तेव्हा उत्पादनात तसा फरक दिसला नाही. ज्या गोष्टी ठरवायला दिल्या त्या कामगारांच्या लेखी फार मोलाच्या नव्हत्या, हे त्याचं एक स्पष्टीकरण. म्हणजे लोकांना बोलावून किरकोळ बाबींवर मत विचारलं की काम झालं, असंही नाही. हारवूडपाठोपाठ नॉर्वेही वाचायला लावणं, एक निकाल दुसऱ्या जागी का लागू पडला नाही यावर वाद घालायला लावणं, हेच तर या शिक्षणात होतं. खमक्या साहेबाला हे कुणी शिकवायचं?

आणि न विचारण्याची किंमत फक्त पायजम्यांत मोजायची नसते. एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुकांवर अभ्यास छापला. चांगल्या चालणाऱ्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले: तिथंच चुका जास्त नोंदवलेल्या. शोध घेतल्यावर दिसलं की त्या विभागांत माणसं चूक झाली की मोकळेपणानं बोलत होती. जिथं प्रमुखाची धास्ती होती तिथं चुका झाकल्या जात होत्या. अशा विभागात आपलं माणूस भरती असेल, तर खमका साहेब पुरतो असं आपण म्हणू का?

वर्गातून दहाच टक्के शिकतो, हा चौथा मुद्दा. सत्तर-वीस-दहा (सत्तर कामातून, वीस इतरांकडून, दहा वर्गातून) ही वाटणी यशस्वी अधिकाऱ्यांना ‘तुम्ही कशातून शिकलात’ असं मागाहून विचारून आलेली आहे. आठवणींवरून काढलेला हा गोळाबेरीज आकडा. प्रशिक्षणाचा परिणाम प्रत्यक्ष मोजणाऱ्या अभ्यासांची एकत्रित तपासणी लासेरेन्झा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केली, ३३५ नमुन्यांवर. नेतृत्वाच्या प्रशिक्षणाचा परिणाम कामावरच्या वागण्यात दिसला, आणि गरज आधी तपासलेली असेल, सराव आणि अभिप्राय असेल, सत्रं अंतरानं घेतलेली असतील तर अधिक दिसला. शिवाय या पदवीच्या चांगल्या अभ्यासक्रमात वर्ग आणि काम अशी फाळणी नसतेच. प्रात्यक्षिकासाठी खऱ्या संस्थेत जावं लागतं. माझ्या वेळी प्रमुखांनी मागणी केली होती, ‘दोन विभागांत पटत नाही, टीम बिल्डिंगचे खेळ घ्या.’ आम्ही आधी मुलाखती घेतल्या. एका विभागाला जास्तीत जास्त ऑर्डर आणण्याबद्दल बक्षीस होतं आणि दुसऱ्याला ओव्हरटाइम कमी ठेवण्याबद्दल. खेळ घेऊन त्यांचं कधीच पटलं नसतं. मार्गदर्शकांनी आमच्या प्रश्नावलीवर तीनदा काट मारली नसती, तर हे आमच्याही हाती लागलं नसतं.

नोकऱ्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. डॉक्टरकीसारखा किंवा वकिलीसारखा परवाना इथं नसतो, आणि जाहिरातीत या पदवीचं नाव क्वचितच असतं. मनुष्यबळ विभाग, प्रशिक्षण, सल्लागार संस्था, रुग्णालयांचं आणि शाळांचं प्रशासन, अशा वेगवेगळ्या नावांच्या कामांत ती वापरली जाते. कामाचा अजिबात अनुभव नसताना थेट पदवीनंतर हा अभ्यासक्रम घेऊ नये, असं माझंही मत आहे. ज्यानं एकही वाईट बैठक सोसलेली नाही त्याला यातलं निम्मं पोकळ वाटेल. आणि वाईट अभ्यासक्रम आहेत, भरपूर आहेत. माणसांना चार अक्षरी साच्यांत बसवणाऱ्या स्वभावचाचण्या (एमबीटीआयसारख्या) सिद्ध झालेल्या सत्यासारख्या शिकवणारे आहेत. मानसशास्त्रज्ञ मास्लो यांनी स्वतः कधीच न काढलेला माणसाच्या गरजांचा पिरॅमिड त्यांच्या नावावर फळ्यावर काढणारे आहेत. त्यांच्यावर पैसे घालू नका, हे मेसेजनं सांगितलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

तेव्हा अर्ज मागे घेण्याआधी अभ्यासक्रमाकडे चौकशी करा. प्रात्यक्षिकाला खरी संस्था मिळते का? तिथल्या तुमच्या कामाला बारकाईनं नावं ठेवणारा अनुभवी मार्गदर्शक आहे का? संख्याशास्त्र आणि मुलाखतीचं तंत्र दोन्ही शिकवतात का? अहवाल वाचून प्रमुख म्हणाला ‘कोण काय बोललं ते सांगा’, तर काय करायचं, यावर एखादा तरी पूर्ण विषय आहे का? उत्तरं गोलमोल आली तर तो अभ्यासक्रम सोडा आणि दुसरा बघा.