उकडे तांदूळ आणि दीपमाळ

मी काढलेल्या फोटोतली माणसं आमच्याकडे साडीच्या रंगावरून ओळखतात. चेहऱ्यावरून ओळखायची सोय मी ठेवलेली नसते. मेव्हण्याच्या लग्नात हिरव्या साड्या तीन होत्या, त्यांचा निकाल अजून लागायचाय.

हात हलतो हे मी बरीच वर्षं कबूल केलं नाही. दोष लेन्सचा, नाहीतर दमट हवेचा. (गोव्यात दमट हवेवर काहीही ढकलता येतं.) मग एका जाणत्याने हिशोब सांगितला: 50 मिलिमीटरची लेन्स हातात धरायची तर शटर 1/50 सेकंदाहून संथ नको. मिरामारच्या वाळूत भर दुपारी हे कुणालाही जमतं. खरी परीक्षा दिवेलागणीला.

ती मंगेशीला झाली. मागे सात मजली पांढरीशुभ्र दीपमाळ, पुढे सासरची अकरा माणसं आणि उजेड कमी म्हणून शटर 1/8 सेकंदावर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, आणखी वाढवला तर सगळ्यांच्या तोंडावर रवा पसरल्यासारखं दिसतं. ट्रायपॉड घरी, कपाटावर. जड होतो म्हणून मीच ठेवून आलेलो. कोपरं बरगड्यांना चिकटवली, डावा तळहात लेन्सखाली घेतला, अर्धा श्वास सोडला आणि रोखला. मी रोखला म्हणून त्या अकरा जणांनीही रोखला.

"भावजी, फोटो काढताय की प्राणायाम?" मेव्हणा पुटपुटला. अकरा जण हसले, बारावा मी हललो.

शेवटी नजर गेली मावशींच्या पिशवीकडे. फोंड्याच्या बाजारातले दोन किलो उकडे तांदूळ! पिशवी कठड्यावर ठेवली, मधोमध मुठीने खळगा केला, कॅमेरा त्यात बसवला. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. कॅमेरा जागचा हलला नाही.

बायकोने फोटो मोठा करून पाहिला. दीपमाळेचा कोनाडा न् कोनाडा स्वच्छ. दहा चेहरेही, म्हणजे ओळखू येण्याइतके. फक्त नेमक्या त्या क्षणी अबोलीचे वळेसर घेऊन कुणीतरी शेजारून गेलं आणि मावशींनी भाव विचारायला मान वळवली. दोन्ही कान शाबूत, मधे धुकं. तांदळांनी कॅमेरा धरला, मावशींना कोण धरणार?

"साडी जांभळी," बायको म्हणाली, "म्हणजे मावशीच."

मावशींनी फोटोकडे पाहिलंही नाही. "जावईबापू, तांदूळ सांडले नाहीत ना? उद्या पेजेला लागतील."