शनिवारची पळापळ

जर्मनीतल्या छोट्या गावात राहायचं, तर शनिवार म्हणजे नुसती पळापळ. रविवारी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला तिथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे आणि दुकानातल्या माणसांना सुट्टी मिळायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावातलं हार्डवेअरचं दुकान शनिवारीही दुपारीच शटर ओढतं! आठवडाभर नोकरी करणाऱ्याने नळाचा वॉशर आणायचा कधी? बव्हेरिया राज्यात तर सुपरमार्केटही रात्री 8 ला बंद. तिथे आधी रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनपुढे रांग, कारण एकदाच वापरायच्या एकेका प्लास्टिकच्या बाटलीत आपले अनामत 25 सेंट अडकलेले. आणि नेमकं तेव्हाच ते मशीन भरलेलं. बिल करताना सामान पिशवीत भरायलाही उसंत नाही. संताप होतो अगदी! त्यात सोमवारी सुट्टी आली, की दूधसुद्धा मंगळवारीच.