अडीच गुंठे आणि एक गच्ची

पुण्यात कोथरूडला माझ्या माहेरच्या सोसायटीत यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आला आहे. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या, ड्रम आणि वाफे काढून टाकावेत आणि यापुढे तिथे कोणीही काहीही लावू नये, असा त्याचा आशय आहे. त्यासाठी कारणे तीन दिली आहेत : वरच्या मजल्यावरच्या सदनिकांच्या छतातून होणारी गळती, उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावा लागत असताना झाडांना जाणारे पाणी, आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत होणारे डास. ठरावाला विरोध करणाऱ्यांत माझी वहिनी पुढे आहे, कारण त्या गच्चीवरची निम्मी बाग तिने उभी केली आहे. या वादात दोन्ही बाजूंनी विलायतेचा दाखला दिला जातो आहे. बागवाले म्हणतात, तिकडे बघा, घरोघरी कशी फुले असतात. आणि ठराववाले म्हणतात, तिकडे बारा महिने पाऊस आणि घरामागे जमीन, त्यांचे कौतुक आपल्याला काय सांगता? मी इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमधल्या लीड्समध्ये राहते आणि तिथे भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर भाजीपाला लावते. त्या अनुभवावरून मला वाटते की दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीचा दाखला देत आहेत.

पावसाचा मुद्दा आधी निकालात काढते. लंडनचे वार्षिक पर्जन्यमान साधारण 600 मिलिमीटर आहे आणि पुणे शहराचे 700 च्या वर. फरक आहे तो वाटपाचा. आपला बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिकडचा वर्षभर रिमझिमत राहतो. तरीही 2025 च्या जुलैत यॉर्कशरमध्ये बागेला नळीने पाणी घालण्यावर बंदी आली आणि ती मोडणाऱ्याला 1000 पौंडांपर्यंत दंडाची तरतूद होती. झारीने पाणी घालायला परवानगी होती, म्हणून आम्ही सगळे संध्याकाळी पिंपातून झाऱ्या भरभरून वाहत होतो. उन्हाचे म्हणाल, तर डिसेंबरात लीड्सला दिवस आठ तासांचाही नसतो आणि हिमतुषाराची भीती मेच्या मध्यापर्यंत टळत नाही. टोमॅटोचे बी मार्चमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर पेरायचे, रोपे आठवडाभर रोज बाहेर-आत करून थंडीला सरावू द्यायची, मेअखेरीस ती जमिनीत लावायची आणि ऑगस्टमध्ये फळ लाल होण्याची वाट पाहायची, अशी सहा महिन्यांची ही खटपट असते. कोथिंबिरीचे तर विचारूच नये. जूनचा दिवस सतरा तासांचा, त्यामुळे ती चार पाने देते न देते तोच फुलोऱ्यावर येते. भेंडी उघड्यावर होतच नाही. पुण्यात नवरात्रानंतर लावलेला टोमॅटो डिसेंबर-जानेवारीत हाताशी येतो, मेथी-पालक हिवाळाभर चालू राहतात आणि दोडका, दुधी, मायाळू पावसाळा सांभाळतात. ज्या उन्हाला आपण नावे ठेवतो, ते उन्ह विकत घेता आले असते तर यॉर्कशरच्या माळ्यांनी त्यासाठी रांगा लावल्या असत्या.

अपयशही तिकडे कमी नाही. उशिरा येणारा करपा हा तिथल्या टोमॅटोचा आणि बटाट्याचा काळ आहे. 1845 पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणणारा रोग तो हाच. ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस दमट आणि उबदार गेले की पानाच्या कडेला तेलकट तपकिरी डाग दिसतो. सकाळच्या ओलीत पान उलटून पाहिले तर डागाच्या कडेने पांढरी बुरशी असते. मग देठावर काळे पट्टे येतात, हिरव्या फळावर तांबूस कडक चट्टा पडतो आणि आठवड्याच्या आत सबंध ओळ उकडल्यासारखी मान टाकते. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा, वयाने ऐंशीच्या आसपास, कुंपणापलीकडून माझ्या वाफ्याकडे एक नजर टाकतात आणि सांगतात की, आज संध्याकाळपर्यंत झाडे बुंध्यापासून कापून पिशवीत भरा, नाहीतर उद्या माझी जातील आणि परवा त्या टोकाच्या बाईंची. त्यांच्या सांगण्यात सल्ला असतो आणि हुकूमही असतो. गोगलगायींचे तसेच. पूर्वी त्यांच्यासाठी ज्या निळ्या गोळ्या टाकत, त्यांवर 2022 मध्ये बंदी आली, त्यामुळे आता रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी हाताने वेचाव्या लागतात. त्याच वर्षी तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने गोगलगायींना यापुढे कीड म्हणणार नाही असे जाहीर केले. माझ्या कोबीला ही बातमी अजून पोहोचलेली नाही.

दाखला द्यायचाच असेल तर तो या जमिनीच्या व्यवस्थेचा द्यावा. ज्यांना घरामागे परसदार नाही, अशांना भाजीपाल्यासाठी स्थानिक परिषदेने माफक भाड्याने जमीन द्यावी, ही इंग्लंड-वेल्सची जुनी पद्धत आहे; या जागांना अलॉटमेंट म्हणतात. 1908 च्या कायद्यानुसार सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर परिषदेला तिची दखल घ्यावी लागते आणि मागणी खरी आहे असे दिसले, तर जमीन उपलब्ध करून देणे हे तिचे कर्तव्य ठरते. लंडनचा आतला भाग तेवढा याला अपवाद आहे. परिषदेने यासाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही, अशी तरतूद 1925 मध्ये झाली, आणि 1950 मध्ये तिथे घरापुरत्या कोंबड्या आणि ससे पाळण्याचा हक्कही मिळाला. परंपरेने एका तुकड्याचे माप दहा रॉड असते. एक रॉड म्हणजे सव्वातीस चौरस यार्ड, म्हणजे आपल्या हिशेबाने संपूर्ण तुकडा बरोबर अडीच गुंठे भरतो. आता बरेच ठिकाणी त्याचे अर्धे करून देतात, कारण प्रतीक्षायादी लांबलचक असते आणि काही शहरांत ती वर्षानुवर्षे हलत नाही. तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे समजू नये. आमच्या समितीतही छपराचा रंग कोणता असावा यावर तासभर भांडणे होतात आणि ती कोथरूडच्या सभेत सहज खपून जातील.

पण तिथे जमीन कोणाच्या ताब्यात आहे, किती आहे आणि ती कोणत्या अटींवर आहे, हे कागदावर असते. तण माजू दिले तर आधी पत्र येते, मग मुदत मिळते आणि त्यानंतर तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातो. आपल्या गच्चीचे नेमके उलटे आहे. ती सगळ्या सभासदांच्या सामाईक मालकीची, म्हणून ज्याला हौस आहे तो तिथे कुंडी ठेवतो, ज्याला नाही तो नाक मुरडतो आणि गळती सुरू झाली की जबाबदार कोणीच नसते. वहिनीने दहा वेळा विचारले तरी तिला कोणी लेखी परवानगी दिली नाही, आणि कोणी लेखी मनाईही केली नाही. अशा संदिग्ध परवानगीवर उभी राहिलेली बाग एका ठरावात जाणारच.

ठराववाल्यांची तक्रार खोटी नाही, हे मी वहिनीलाही सांगितले आहे. माती ओली झाली की तिचे वजन किती होते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक फूट जाडीच्या ओल्या मातीचा भार दर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जातो. ज्या गच्चीवर ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानकात वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण 150 किलो धरलेला असतो. म्हणजे गच्चीभर विटांचे वाफे बांधून त्यांत शेतातली माती ओतणे हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि पुण्यात तसे केलेल्या गच्च्या मी पाहिल्या आहेत. शिवाय ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थराला, एकदा भेग पडली की पाणी कुठून आत शिरते आणि कुठे टपकते याचा मेळ लागत नाही. कठड्याच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ वेळीच उपटला नाही, तर तो कुंड्यांपेक्षा जास्त नुकसान करतो, पण त्याचा आळही बागेवरच येतो. या सगळ्याला उत्तर आहे आणि ते महाराष्ट्रातच तयार झालेले आहे. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळा कुजवून त्यात झाडे वाढवण्याची रीत कितीतरी वर्षांपूर्वी लोकांपर्यंत नेली. गच्चीवर मूठभर मातीला भरपूर कुजवलेला पाला, उसाची चिपाडे, नारळाच्या शेंड्यांचा भुसा असे मिश्रण वापरले की भार निम्म्याहून खाली येतो आणि पाणीही जास्त वेळ टिकते. ड्रम थेट फरशीवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी घोडीवर ठेवले, तुळया आणि खांब जिथे आहेत तिथेच जड झाडे नेली आणि पन्हाळीकडचा उतार मोकळा ठेवला, की गळतीची भीती पुष्कळच कमी होते.

पाला तर पुण्याला उदंड आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पानगळ होते, ती झाडून कोपऱ्यात पेटवली जाते आणि त्या धुराने सगळ्यांचेच घसे धरतात. ही पाने न जाळता ज्यांना हवी आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम पुण्यातच सुरू झाला. ओल्या कचऱ्याचेही असेच आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी मोठ्या गृहसंकुलांना तो आवारातच जिरवायला सांगितले, आणि गांडूळखत, सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प असलेल्या घरांना पुणे महापालिका मिळकतकरात 5 टक्के आणि दोन किंवा अधिक असलेल्यांना 10 टक्के सवलत देते. आमच्या सोसायटीत गांडूळखताचे हौद आहेत, सवलतही घेतली जाते, पण तयार झालेले खत वॉचमनच्या खोलीशेजारी पोत्यांत पडून असते. ते वापरणारी एकमेव जागा म्हणजे गच्ची, आणि बंद करायला निघाले आहेत तीच!

पाण्याच्या मुद्द्यावर मात्र बागवाल्यांनी माघार घ्यावी असे मला वाटते. खडकवासला साखळीतली धरणे भरलेली असोत वा नसोत, एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर लुसलुशीत पालक पिकवण्याचा आग्रह शेजाऱ्यांच्या पैशावर हौस करण्यासारखा आहे. त्या दोन महिन्यांत तापमान पस्तिशीच्या वर गेले की टोमॅटोची फुले गळतात, फळ धरत नाही. तेव्हा वाफे आच्छादून विश्रांतीला ठेवावेत. कढीलिंब, गवती चहा, मोगरा आणि जास्वंद एवढीच झाडे जगवावीत, तीही भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारांचे असते, ते साध्या पाण्यात मिसळूनच द्यावे. यॉर्कशरला डिसेंबर-जानेवारीत कोणी भाजी मागत नाही, तशी आपण मेमध्ये मागू नये. डासांचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे, कुंडीखाली ताटली ठेवूच नये.

वहिनीकडून येणारी छायाचित्रे नेहमी दुधीची, नाहीतर टोपलीभर टोमॅटोंची असतात. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण बसला आहे, वांग्याच्या शेंड्यात अळी शिरली आहे, कबुतरांनी मिरचीच्या कुंडीत अंडी घातली आहेत, हे सारे फोनवर हळू आवाजात कळते. तिच्याच इमारतीत आणखी चार घरांत हाच पिठ्या ढेकूण आहे आणि प्रत्येक घर आपापला निंबोळी अर्क वेगळ्या प्रमाणात फवारते आहे. एकाने फवारावे, मुंग्यांनी ती कीड दुसऱ्याच्या कुंडीतून पुन्हा पहिल्याकडे आणावी, असे चक्र पावसाळा संपल्यापासून चालू आहे. आमच्याकडे तुकड्यांना कुंपण गुडघ्याएवढे असल्यामुळे करपा लपवायची सोय नाही, म्हणून ऐंशीच्या आजोबांना हुकूम देता येतो. गच्चीवर वाफे एका रांगेत आणि नावानिशी असतील, तर कोणाचे काय फसले याची पाटी लावायचीही गरज नाही; ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना येता-जाता दिसेल आणि त्या बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

तेव्हा ठराव फेटाळण्यापेक्षा तो दुरुस्त करावा, असे मी वहिनीला लिहिले आहे. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून भाराची तपासणी करून घ्यावी, पाण्याच्या टाकीकडची बाजू सोडून गच्चीचा ठरावीक भाग आखावा, वाफे मागणाऱ्यांना वर्षाच्या कराराने द्यावेत, भाडे घ्यावे आणि ते वॉटरप्रूफिंगच्या निधीत जमा करावे, अनामत रक्कमही ठेवावी. तीन महिने वाफा ओसाड पडला तर तो यादीतल्या पुढच्या घराला द्यावा. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही कुटुंबांचा एक प्रतिनिधी देखरेखीच्या समितीत असलाच पाहिजे, कारण छत त्यांचे गळते. सुरुवात मात्र मृगाच्या मुहूर्तावर करू नये, उत्साह कितीही असला तरी. यंदाचा पावसाळा गच्ची मोकळी ठेवून वॉटरप्रूफिंग नीट झाले की नाही ते पाहून घ्यावे, भाद्रपदातल्या कडक उन्हात ड्रम भरून पाला कुजू द्यावा आणि पहिली मेथी नवरात्रात पेरावी.