पोट्टं हुशार निघावं म्हणून

मूल झालं, अभिनंदन! आता आधी नागपूरला बेसा-बेलतरोडीकडे एक प्लॉट घेऊन टाका. "पोरासाठीच करून राहिलो ना भाऊ," असं चारचौघांत म्हणायचं, म्हणजे हप्त्यापायी दोघं रात्री नऊपर्यंत ऑफिसात अडकले तरी तो त्याग ठरतो. हप्त्यावरून होणारं भांडण मात्र मुलासमोरच करा. त्याला काय समजते त्यातलं? शब्द समजत नाहीत, खरंच आहे. आवाज चढला की ते खेळणं टाकून दोघांच्या तोंडाकडे पाहत बसतं, एवढंच. रात्री दचकून उठलं तर दृष्ट काढा. मीठ-मोहरी स्वस्त आहे.

जेवताना कूलरसमोर बसवा, पुढ्यात मोबाइल टेकवा आणि तोंड जरा उघडलं की वरणभाताचा घास आत सारा. गिळलाय की गालात धरलाय, ते व्हिडिओ संपल्यावर कळेलच. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय. त्यांना म्हणावं, मे महिन्यात नागपूरला या आणि आमच्या पोट्ट्याला चार घास भरवून दाखवा.

उरलेल्या वेळात ते तुम्हाला काहीबाही दाखवायला येईल. "बाबा, पाहा नं, मुंगी!" मान वर न करता "हो बेटा" म्हणा. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आयांना आपल्या तान्ह्या बाळासमोर काही मिनिटं निर्विकार चेहऱ्याने बसवलं होतं. बाळं आधी हसली, मग हातवारे करून पाहिले, आणि आई काही केल्या दाद देईना तेव्हा तोंड फिरवून रडू लागली. त्याला प्रयोगशाळा लागली. आपल्याकडे हे रोज सोफ्यावर होतं, फुकटात.

पुढे बोलायला उशीर झाला, तर आईला बोल लावा. नोकरी करत असेल तर नोकरीमुळे, घरी असेल तर लाडामुळे. बापाचा इथे काय संबंध? तो तान्ह्या पोळ्याला दिसतोच की. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून हा सण पोरांचा, म्हणून लाकडी बैल कॉलनीत सगळ्यात मोठा घ्या आणि दोरी पोराच्या हाती अजिबात देऊ नका. चाकं घासतात, रंग उडतो. फोटोपुरतं शेजारी उभं करा. पोरांना घरोघरी मिळणारा बोजारा, म्हणजे बैलामागचे पैसेही तुमच्याच खिशात बरे.

नर्सरीत पहिल्याच दिवशी "लिहायला कधी शिकवता?" असं विचारा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या वयात खेळातून शिकवा म्हणतं. पण खेळायचंच, तर फी कायले भरायची?

राहिली तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंची मुलगी. बाई घरून निघतात तेव्हा ती झोपलेली असते. उठली की तिला सांभाळायला आठ वर्षांची ताई. पोरीला ताप आहे म्हणून बाईंनी खाडा केला, तर पगार कापा. ती अंगणवाडीत गप्प गप्प बसते असं कानावर आलं, तर "यांच्या घरी वातावरणच नसते" म्हणून हळहळा.

आणि हो, बाईंना उद्या तासभर लवकर यायला सांगा. तुम्हाला सकाळी सुजाण पालकत्वाच्या कार्यशाळेला जायचंय.