‘सतराचे पैसे घेतले, चौदाची पाठवली’ : मालकाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री जेवताना मुलीनं वाचून दाखवला. त्यात तुम्ही लिहिलंय : पुण्याहून चंदीगडला आमच्या बंद बॉडीच्या ट्रकमधून बाइक पाठवल्या, हिमालयन बाइकचा क्लच लिव्हर वाकून आला, एक दिवस उशीर झाला, गाड्या कोंबून भरल्या होत्या, मालक फोनवर उर्मट बोलला. आणि शेवटी ती ओळ, ‘सतरा फुटीचे पैसे घेऊन चौदा फुटी पाठवली, सावध राहा.’ एक स्टार.

लिव्हर आमच्या गाडीत वाकला, त्याबद्दल माफी मागतो. उशिराबद्दलही मागतो. फोनवर माझा आवाज चढला हेही खरं. त्या वेळी यार्डात गाडी रिव्हर्स लावणं चाललं होतं, पण ते तुम्हाला फोनवर कसं दिसणार.

सतराचे, म्हणजे सतरा फूट लांब बॉडीच्या गाडीचे, पैसे घेतले हे मात्र वाचून सोडून देता येत नाही मला. ताट तसंच ठेवून मी आधी मोबाइलमधला आपला जुना मेसेज शोधला. त्यात दोन्ही भाडी लिहिलेली आहेत. चौदा फुटी बंद बॉडी ५१,००० रुपये, सतरा फुटी ६६,०००. खाली तुमचं उत्तर : ‘तीनच बाइक आहेत काका, चौदा चालेल ना?’ मी लिहिलं, ‘तीनला चालेल.’ त्या ‘तीनला’ शब्दाकडे जरा बघा सर. तो मी उगाच टाकलेला नाही.

इथं बंद गाडी ठरवणारे बाकीचे लोकही वाचत असतील, म्हणून हिशेब मांडतो. नवी हिमालयन ४५० लांबीला २२४५ मिलिमीटर, म्हणजे सात फूट चार इंच. दोन एकामागे एक लावल्या तर चौदा फूट आठ इंच झाले. चौदा फुटी बॉडीत त्या सरळ रेषेत बसतच नाहीत. तीन असल्या की सोपं असतं. दोन पुढं शेजारी-शेजारी, तिसरी मागं मधोमध, तिचं पुढचं चाक पुढच्या दोघींच्या मागच्या चाकांमध्ये आठ-दहा इंच शिरतं आणि सगळ्या मोकळ्या राहतात. चौथी आली की मागं दोन होतात, दोघींनाही तिरकं उभं करावं लागतं आणि हँडलला हँडल लागतं. चौघींना सतरा फुटीच हवी. एवढं साधं आहे, आणि एवढंच आहे.

तुम्ही मला यूट्यूबवरचा अमेरिकेतला व्हिडिओ पाठवला होता. पिकअपच्या मागं जोडायचा बंद ट्रेलर, मागचा दरवाजाच खाली पडून रॅम्प होतो, आत चाक अडकवायचे खोबणीवाले स्टँड, जमिनीत पट्टे अडकवायच्या रेल. बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिकडचा तो सात बाय चौदाचा ट्रेलर रुंदीला सात फूट असतो. आमची बॉडी आतून सहा फूट. हिमालयनचं हँडल ८५२ मिलिमीटर, पावणेतीन फुटांच्या थोडं वर. दोन हँडलं शेजारी ठेवली की उरतात जेमतेम पाच इंच. तो जास्तीचा एक फूट असता तर मी तुमच्या मित्राच्या बाइकचे सामानाचे डबेही सांभाळले असते.

आता डब्यांवर येतो. शनिवारी दुपारी चारला लोडिंग ठरलं होतं. तुम्ही आलात रात्री साडेनऊला. आणि तीन नाही, चार बाइक घेऊन. चौथी मित्राची, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे डबे लावलेली, आणि डबे काढायची किल्ली घरी राहिलेली. शिवाय चारही टाक्या काठोकाठ. टाकीत लिटर-दोन लिटरच ठेवा असं मी दोनदा लिहिलं होतं. बंद बॉडीत उन्हानं पेट्रोलची वाफ कोंडते, उघड्या ट्रकसारखी उडून जात नाही, त्यासाठीच सांगतो आम्ही. हिमालयनची टाकी १७ लिटरची. नळी लावून चार टाक्या रिकाम्या करायला आमच्या पोराला तासाच्या वर लागला, तोंडात पेट्रोल गेलं ते वेगळंच. कॅन तुम्हीच डिकीत टाकून नेलेत. त्याचं काही नाही.

मी त्याच वेळी नाही म्हणायला पाहिजे होतं. चौथी बसणार नाही, सतरा फुटी उद्या सकाळी मिळेल, असं स्पष्ट सांगायला हवं होतं. तुमची विमानाची तिकिटं झाली होती, तुमचे मित्र हात जोडत होते, आणि हातात आलेलं भाडं सोडताना माझी जीभ रेटली नाही. ही चूक माझी, ती मी लिहून देतो. पण ‘कोंबल्या’ हा शब्द तुम्ही लिहावा याचं वाईट वाटलं, कारण कोंबताना तुम्ही शेजारी उभे राहून ‘अजून दोन इंच घ्या काका’ म्हणत होता.

लिव्हर कसा वाकला तेही सांगतो. तुमच्या लिव्हरच्या टोकाला पांढुरका ओरखडा आहे बघा, तो ॲल्युमिनियमचा आहे. मित्राच्या डब्याचा कोपरा तिथं टेकत होता. आम्ही मध्ये फोम घातला, पुठ्ठा घातला, आणि ड्रायव्हरनं केबिनमधली स्वतःची झोपायची गोधडी काढून घडी करून घातली. तीन रात्री तो माणूस टॉवेल पांघरून झोपला. तरी घाटात गोधडी सरकली. पट्ट्यांचंही सांगतो. बाइक आम्ही हँडलला बांधत नाही, खालच्या टीला, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्या धरणाऱ्या पट्टीला बांधतो आणि पुढचं शॉकअप निम्मं दाबून घेतो, म्हणजे खड्ड्यात ते उसळत नाही. ‘सील फुटेल, सैल करा’ असं तुम्ही म्हणालात, सील म्हणजे शॉकअपमधलं तेल अडवणारं, म्हणून पोरानं उजव्या बाजूचा पट्टा दोन खटके सोडला. जास्त दाबलं तर सील जातं हे तुमचं बरोबर आहे, पण निम्म्यानं जात नाही. सैल बाइक मात्र हलते. ती डावीकडे, लिव्हरच्या बाजूलाच हलली.

उशिराचं थोडक्यात. पाचला निघालो असतो तर नाशिक, धुळे करून रविवारी पहाटे सेंधव्याचा बिजासन घाट मागं पडला असता. निघालो रात्री साडेअकराला, आणि सकाळी घाटात ट्रक आडवा झालेला. सहा तास एकाच जागी. सतराशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, मंगळवार रात्रीचं बुधवार संध्याकाळ झालं. नाशिकपर्यंत पाऊस होता, पण बाइकवर एक थेंब नव्हता, धूळ नव्हती, रस्त्यात कुणी सीटला हात लावला नव्हता. तेवढं एक वाक्य लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

आणि पैसे. चौदा फुटीचे ५१,०००, चौथ्या बाइकचे ९,०००, एकूण ६०,०००. बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्यात, सही तुमची आहे. साठ हजार भरले म्हणून सतराचेच भरले असं तुमच्या मनात बसलं असावं. सतराचे असते तर ६६,००० झाले असते. बिल्टीचा फोटो मी इथं टाकू शकतो, पण त्यावर तुमचा नंबर आणि गाडीचा नंबर आहे, म्हणून टाकत नाही.

यार्डात मला तुम्ही काका म्हणत होता, चहा घेतलात, घरातून आलेली चकली खाल्लीत. रिव्ह्यूत मी ‘हा माणूस’ झालो. असू दे. पण चंदीगडला बाइक पाठवून पुढं लडाखला जाणाऱ्यांचे फोन आम्हाला मे-जूनमध्येच येतात. वर्षाचे बॉडीचे हप्ते याच भाड्यांवर निघतात. काल सकाळपासून दोघांनी विचारलं, ‘सतराचं सांगून चौदाची पाठवता का हो?’ एकानं तर ॲडव्हान्स परत मागितला. दिला.

आम्ही काही बदलही करतोय. लोडिंग झालं की आतले फोटो पाठवायचे, वेळेचं काहीतरी नक्की लिहून घ्यायचं, डब्यांसह बाइक घ्यायची की नाही तेही ठरवायचंय. रुंद बॉडीचं बघतोय, जमेल तसं.

नवा लिव्हर आणून ठेवलाय, ओरिजिनल, तुमच्याकडून पैसे नकोत. फिटिंग आमचा पोरगा करून देईल, दहा मिनिटांचं काम. स्टार तुम्हाला द्यायचे तितके द्या, एकही चालेल. सतराची ती ओळ तेवढी काढा.

आणि मित्राला निरोप द्या, बाइक उतरवून गाडी परत आली तेव्हा गोधडीच्या घडीत एक छोटी किल्ली सापडली. डब्याचीच असावी. लिव्हरच्याच पाकिटात ठेवलीय.