सीट नंतर बघा, आधी सायकल बघा

लेकीला सायकलवर मागे बसवून गोव्यातल्या आमच्या माशेलच्या बाजारातून निघालो की एक प्रश्न ठरलेला असतो. "ही सीट खंय मेळ्ळी?" (कुठे मिळाली?) फोटो टाकला की इनबॉक्समध्येही तेच. लिंक पाठव, किंमत सांग, आमच्या बाळाला नववा लागलाय, चालेल का. सायकल कुठली आहे, हे मात्र आजवर कोणी विचारलेलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सीट हा सर्वांत सोपा भाग आहे. उत्तम सीटसुद्धा भलत्या सायकलवर लावली की धोक्याची होते, आणि आज दुकानदार आपल्यापुढे जी सायकल ढकलतो ती बहुतेक वेळा भलतीच असते.

दुकानात काय दाखवतात? जाड टायर, पुढे शॉकअप, गिअरच गिअर, रंग भडक. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड असलाच तर एकपायी. फोंड्यातल्या एका दुकानात मी विचारलं, याला कॅरिअर बसेल का? त्यावर उत्तर आलं, "ह्या सायकलीक कॅरिअर शोभना." शोभायचं राहू द्या हो. खरी अडचण अशी की या सायकलींना मागच्या एक्सलजवळ कॅरिअर बोल्टने आवळायला भोकंच ठेवलेली नसतात. मग आपल्या बसायच्या सीटच्या दांड्याला चिमटा लावून मागे अधांतरी लटकणारं कॅरिअर गळ्यात मारतात. ते डबा-छत्रीसाठी ठीक. त्यावर मूल बसवायचं नाही. चिमटा जरा सैल झाला की ते बाजूला फिरतं.

याउलट आपल्या पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, सायकल आठवा. ज्या पोदेरांनी अजून स्कूटर घेतलेली नाही त्यांची. पहाटे पों पों करत येते ती. मागे निळ्या प्लास्टिकखाली झाकलेली वेताची भली मोठी टोपली, त्यात पाव, उंडे, पोळ्या, कांकणं असे पावाचे सगळे प्रकार. कॅरिअर जाड सळीचं, त्याचे पाय थेट एक्सलपाशी आवळलेले, आणि खाली दुपायी घोडा स्टँड. दर फाटकाशी थांबायचं, स्टँड लावायचा, दोन्ही हातांनी पाव मोजून द्यायचे. टोपली हलत नाही. मूल न्यायच्या सायकलचं निम्मं गणित पोदेराने कधीच सोडवून ठेवलंय.

निम्मंच म्हणतोय, कारण त्या काळ्या सायकलचा ब्रेक. सळीचा ब्रेक आणि चकचकीत स्टीलची रिम ही जोडी कोरड्यात कशीबशी चालते, पण रिम ओली झाली की रबर नुसतं घसरत राहतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रिम ओलीच. त्यामुळे कॅरिअर आणि स्टँड पोदेराचा, पण रिम अ‍ॅल्युमिनियमची आणि ब्रेक वायरचा किंवा डिस्कचा, असा माझा हिशेब. ब्रेकच्या रबरात कंजूषपणा करू नका. मागे दहा-बारा किलो वाढले की तोच उतार वेगळा वाटायला लागतो, आणि फोंडा तालुक्यात उताराला तोटा नाही.

आता थोडं लाजेचं प्रकरण. मागे सीट लावली की पाय मागून टाकून सायकलवर चढता येत नाही. पाय सरळ मुलाच्या डोक्याला लागतो. म्हणजे दांडी खाली उतरलेली सायकल हवी. म्हणजे लेडीज सायकल. मी तीच चालवतो. नाक्यावरच्या मंडळींचं चार दिवस मनोरंजन झालं, मग त्यांना निवडणुकीचा विषय मिळाला. ज्या बाबांना यात कमीपणा वाटतो त्यांनी एकदा नळीवरून पाय टाकताना मागचं मूल आणि पुढचं हँडल एकदम सांभाळून दाखवावं.

स्टँडबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो. लोकांना भीती असते ती धावत्या सायकलवरून पडायची. पण मूल बसवताना आणि उतरवताना, सायकल उभी असतानाच ती आडवी होण्याची शक्यता फार मोठी. एकपायी स्टँडवर सायकल आधीच तिरकी असते, त्यात सीट उंच, त्यात मूल एका बाजूला वाकून कोंबडी बघणार. पावसाळ्यात अंगणातली माती भुसभुशीत झाली की तो एक पाय आत रुतत जातो. म्हणून दुपायी, रुंद स्टँड. आणि तो असला तरी मूल सीटवर आणि आपण चार पावलं लांब दुकानाच्या काउंटरवर, असं एकदाही नाही. माझा क्रम ठरलेला आहे. पिशवी आधी अडकवायची, हेल्मेट जमिनीवरच घालायचं, मूल सगळ्यात शेवटी चढवायचं. कमरेचा टेकू सायकलला, मग बेल्ट. पोचल्यावर मूल सगळ्यात आधी खाली. मग खुशाल फोन बघा.

सीट आली तेव्हा आधी लेकीला बसवलंच नाही. दहा किलो उकड्या तांदळाची पिशवी सीटवर ठेवली, बेल्ट लावले आणि खांडोळ्याच्या बाजूला चक्कर मारून आलो. शेजारचे काका फाटकात उभे. "तांदळाक बेल्ट कित्याक रे?" पण तांदूळ फार चांगला शिक्षक आहे. वळणावर सायकल किती उशिरा सरळ होते, पाय टेकताना मागचं वजन कुठल्या बाजूला ओढतं, स्पीडब्रेकरवर कॅरिअरचा कुठला नट वाजतो, सगळं कळतं. नट वाजला तर तो तांदळावर वाजलेला बरा. घरी आल्यावर सगळे नट पुन्हा आवळले. पुढेही अधूनमधून आवळत राहावे लागतात, आपले रस्ते पाहता जरा जास्तच.

आता टाच. इथे कृपया घाई करू नका.

मागे बसलेल्या मुलाचा पाय लोंबकळतो तो चाकाच्या शेजारी. मूल दमलं, पेंगलं की पाय आत वळतो आणि टाच तारांमध्ये जाते. चाक फिरतंच आहे. टाचेची मागची बाजू, जिथे कातडी पातळ आणि खाली शीर असते, नेमकी तारा आणि फ्रेमच्या दांडीमध्ये सापडते. आपल्या देशात लहान मुलांची ही इतकी नेहमीची जखम आहे की डॉक्टर मंडळींत तिला स्पोक इंज्युरी असं नावच पडलंय. वाईट गोष्ट ही की पहिल्या दिवशी ती खरचटल्यासारखी दिसते. आतलं मांस चेचलेलं असतं आणि वरची कातडी काही दिवसांनी काळी पडायला लागते. त्यामुळे असं कधी झालं तर हळद लावून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

उपाय म्हणाल तर स्वस्त आहे. सीटला पायासाठी खोबण आणि पट्टा असतो, तो लावायचाच. "जवळच तर जायचंय" म्हणून सोडायचा नाही. सीटला चाकाच्या बाजूने भिंत हवी. शिवाय चाकाच्या वरच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी जाळी. मोटरसायकलला साडीगार्ड असतो ना, त्याच कल्पनेचा. मोटार वाहन नियमांत मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा असा नियमच आहे. सायकलला कोण विचारतो? मी बागेच्या कुंपणाची बारीक प्लास्टिक जाळी कापून मडगार्डच्या सळ्यांना केबल टायने बांधलीय. दिसायला यथातथाच. पण लेकीचं बोट किंवा सँडलचं टोक त्यातून आत जात नाही, हे रोज निघताना चाचपून बघतो. आणि आपल्या सीटखाली स्प्रिंग असतील तर त्याही झाका. मागे बसलेल्या मुलाला ते धरायला अगदी सोयीचं दिसतं, आपण बसलो की स्प्रिंग मिटते आणि बोट आत.

पुढची सीट की मागची? पुढची साधारण १५ किलोपर्यंत, मागची २२ किलोपर्यंत. युरोपचं ईएन १४३४४ हे मानक हेच गट धरतं, सीटवर ते छापलेलं असतं. पुढे बसवलं की बोलता येतं, मूल खूश. पण वजन हँडलपाशी येतं, आपले गुडघे फाकवून पायडल मारावं लागतं आणि वर्ष-दीड वर्षात मूल त्यात मावेनासं होतं. मी मागची घेतली. मागच्या सीटवर गुरुत्वमध्याची एक खूण असते. ती मागच्या एक्सलच्या पुढे किंवा फार तर १० सेंटिमीटर मागे यायला हवी. त्याहून मागे गेली की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल डुलायला लागतं. सीट कॅरिअरवर बसवणार असाल तर कॅरिअरवर कोरलेला आकडा वाचा, सहसा २५ किंवा २७ किलो. त्यात मुलाचं वजन आणि सीटचं वजन, दोन्ही धरायचं.

आमची सीट पोर्तुगालच्या पोलिस्पोर्ट कंपनीची. १९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यानंतर त्या देशातून आलेल्या एखाद्या वस्तूबद्दल आमच्या आजोबांनी चकार शब्द काढला नाही, ही बहुधा पहिलीच वेळ.

"कशाला एवढे पैसे, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी करून घे" असं सांगणारे भेटतील. गावातल्या मेस्ताच्या, म्हणजे मिस्त्रीच्या, हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. स्टँड त्याच्याकडूनच रुंद करून घेतलाय. पण सीट नाही. लोखंडाला कडा असतात, ते एप्रिलच्या उन्हात तापतं, आणि आपटल्यावर ते वाकत नाही, मूल वाकतं.

वय. बाळाला आधाराशिवाय नीट बसता आलं पाहिजे आणि हेल्मेटचं वजन मानेला पेललं पाहिजे. सीट बनवणारे नऊ महिने लिहितात, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षाच्या आत नकोच म्हणते. मी डॉक्टरांच्या बाजूचा. तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. पोटाशी झोळीत बांधून सायकल चालवणं तर नकोच नको, आपण पडलो तर आपण त्याच्यावरच पडणार. हेल्मेट घेताना मागून सपाट असलेलं घ्या. नाहीतर सीटच्या पाठीला टेकलं की मान पुढे ढकलली जाते आणि मूल सगळा वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसतं.

आई म्हणते, तुला तर बाबा दांडीवर टॉवेल गुंडाळून न्यायचे. न्यायचे, खरं आहे. पण तेव्हा या रस्त्यावर दिवसाला किती गाड्या जायच्या तेही सांग ना, आई. आज काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने घेतलेली गाडी, दिसली की मी आपोआप कडेला होतो. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर कमी आणि मोबाईलच्या नकाशावर जास्त.

तरी मला सगळ्यात गंमत वाटते ती सायकलला धोकादायक म्हणणाऱ्यांची. "सांबाळून वच रे, भुरगें आसा" (सांभाळून जा, मूल आहे) असं काळजीने सांगणाऱ्या काकींच्या स्वतःच्या स्कूटरवर पुढे पायाशी नातू उभा असतो. हेल्मेट नाही, बेल्ट नाही, ब्रेक मारला की दात थेट हँडलवर. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला, तो वर्षभराने लागू झाला. त्यानुसार दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. त्यात मुलाला सायकलचं हेल्मेटही चालतं असं लिहिलंय. पाळताना किती जण दिसतात, पणजीत कुठल्याही शाळेच्या फाटकाशी सकाळी उभं राहून बघा. माझी सायकल काकींच्या स्कूटरच्या निम्म्या वेगानेही जात नाही, आणि मागची सवारी पाच ठिकाणी बांधलेली असते.

जायचं कुठे, हा प्रश्न रास्त आहे. बाणस्तारीहून जाणारा ७४८ क्रमांकाचा महामार्ग माझ्या यादीत नाही. आतले रस्ते, कुंभारजुव्याची बाजू, सात शिरांच्या भेंडीचं सांत इस्तेव, सुट्टीच्या दिवशी जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेट. सपाट जमीन, दोन्ही बाजूंना खाजन (खाडीकाठची शेतजमीन), मुलीला बगळे मोजायला भरपूर. फेरीबोटीची लोखंडी उतरण मात्र कायम ओली आणि शेवाळलेली असते. तिथे लेक कडेवर, सायकल दुसऱ्या हाताने ढकलत. मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

जुनी सीट मिळाली तर घ्यावी का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. घ्या, पण उन्हात राहून प्लास्टिक पांढुरकं पडलेलं नको, बकल एका झटक्यात सुटता कामा नये, आणि ती सीट कधी आपटली होती का हे देणाऱ्याला स्पष्ट विचारा. आमची आत्ताच मागू नका. लेक २२ किलोची व्हायला अजून वेळ आहे आणि तिच्या दोन माम्यांनी आधीच नंबर लावलेत. सायकल बघायची असेल तर या, रविवारी सकाळी घरीच असतो.