रोडग्यांचा रविवार आणि काट्यावरचा सोमवार

शनिवारी सकाळी वजन 71.4 होतं. सोमवारी 72.8. मधे एकच रविवार, आणि त्या रविवारी दारव्ह्याकडे जाऊबाईंच्या माहेरच्या शेतात रोडगे.

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मोहन घातलेल्या कणकेचे घडीवर घडी घालून केलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. राख झटकायची, फोडायचे, तुरीच्या वरणात कुस्करायचे आणि वरून तूप. सोबत वांग्याची भाजी, तिच्यावर बोटभर तर्री. स्वयंपाक पुरुषांच्या हातचा, त्यामुळे तेलाला हिशेब नसतो. त्यातून मारोतीचा नवस. मी ताटावर हात आडवा धरला तर भाऊजी म्हणाले, "वैनी, नवसाचा हाये, नाई म्हनू नोका." तिसरा रोडगा तसा आला. खोटं कशाला बोलू, मलाही हवाच होता.

फोनातल्या ॲपला रोडगा माहीत नाही. मग अंदाज. एका रोडग्याची कणीक 100 ग्रॅम धरली तर साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, मोहन आणि तूप वेगळं. छोट्या चमच्यात 5 ग्रॅम तूप, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे एका चमच्याचे 45. आणि त्या दिवशी वाढायला चमचा नव्हता, पळी होती. रोज 1500 ठरवलेले, त्या दिवशी 2700 लिहिले. आत्याबाई बाजूला बसून विचारतात, "काय लिवून राह्यली वं फोनात? जेव ना गुमान."

आमचा बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, वजन कमी करणाऱ्यांचा. तिथे मी खरं ते टाकलं. ग्रुपवाल्या ताईंचं उत्तर आलं: उद्या दिवसभर फक्त काकडी आणि ताक, केलेली मेहनत पाण्यात गेली. ही शिक्षा मी याआधी एकदा भोगली आहे. दुपारी तीनला डोकं गरगरलं आणि संध्याकाळी डब्यातले शेंगदाणे उभ्याउभ्या खाल्ले, चांगले 100 ग्रॅम असतील. ते साडेपाचशेच्या वर जातात. म्हणून या वेळी काकडी केली नाही. सोमवारी नेहमीसारखी दोन भाकरी, मुगाचं वरण, मेथीची भाजी.

मी 17 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला गावातल्या लेकरांची वजनं घेते. एखाद्या महिन्यात बाळ दोनशे ग्रॅमने कमी भरलं की आई आधी म्हणते, "ताई, तुमचा काटा बिघडला." बिघडलेला नसतो. मागच्या खेपेला अंगात स्वेटर होता, कमरेला चांदीचा कडदोरा होता, किंवा या आठवड्यात हगवण झाली. आम्ही एका आकड्यावर बाळाला कुपोषित ठरवत नाही. पुन्हा वजन करतो, मागचे महिने बघतो, रेघ वर चालली की आडवी झाली ते बघतो. हे मी शंभर आयांना समजावलंय. स्वतःच्या वेळी मात्र सोमवारचा एक आकडा पाहून रडायला आलं. (गंमत म्हणजे, अंगणवाडीत मी सांगते की बाळाच्या वरणभातात चमचाभर तेल घाला, आणि घरी येऊन स्वतःच्या भाजीतला तोच चमचा वाचवते.)

आता हिशेब. शरीरातली 1 किलो चरबी म्हणजे ढोबळ 7700 कॅलरी. 1 किलो 400 ग्रॅम खरी चरबी चढायला गरजेपेक्षा दहा हजारांच्या वर खायला लागलं असतं. तीन रोडग्यांत तेवढं बसत नाही हो! जास्तीची पोळी-भाकरी शरीर साखरेच्या रूपात साठवून ठेवतं, आणि त्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तर्रीतल्या मिठाचं पाणी आणखी वेगळं. शिवाय पोटात कालचं जेवण असतंच.

माझं वजन आहे तिथे राहायला रोज साधारण 1900 लागतात. 1500 खाल्ले की रोज 400 वाचतात, आठवड्याला 2800. एका पंगतीत 1200 जास्त गेले तरी 1600 उरतात. म्हणजे त्या आठवड्यात साडेतीनशेच्या जागी दोनशे ग्रॅम उतरणार. उशीर झाला, एवढंच. आत्याबाईंना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांना मी हे गणित लावू देत नाही. त्यांचं डॉक्टर सांगतील तेच.

पण एक सांगते, कारण "कधीतरी चालतं" हे वाक्य मीच लई वापरलंय. त्याच आठवड्यात दुसरी पंगत झाली तर 400 उरतात. तिसरी झाली की उलटे 800 चढतात. आणि आपल्याकडे पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मग महालक्ष्म्यांचं जेवण, गणपतीचा महाप्रसाद, पुरणात तुपाची धार. मागच्या वर्षी श्रावण ते दिवाळी मी वहीत खुणा केल्या, तर एका आठवड्यात चार निघाल्या. त्याला "कधीतरी" म्हणायची माझी मलाच लाज वाटली. आता अशा आठवड्यात कुठे पोटभर जेवायचं आणि कुठे नुसता प्रसाद हातावर घ्यायचा, ते आधीच ठरवते. नवसाच्या ठिकाणी जेवते. बारशाच्या बुंदीला हात जोडते.

शनिवारी पुन्हा काट्यावर उभी राहिले. 71.2. दरवेळी गणित इतकं बरोबर येत नाही, या वेळी आलं. आत्याबाई दारातून बघत होत्या.

"किती भरलं वं?"

सांगितलं.

"मंग थे रोडगे गेले कुठी?"